एक कागद अडला की तीन घरं अडतात

मनीषनगरचा फ्लॅट विकून मानेवाड्यात घर घ्यायचं, तर सौदे दोन असले तरी गाठ एकच असते. तुमचं गिऱ्हाईक कर्जासाठी थांबलं, की तुमचा पैसा थांबतो आणि पुढचा घरमालकही ताटकळतो.

नागपुरात हे अनेकदा कागदावर अडतं. अनधिकृत लेआउट नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 चा. त्याखाली नियमित झालेल्या लेआउटमधल्या प्लॉटला नागपूर सुधार प्रन्यास नियमितीकरणाचं पत्र देतं. इथे सगळे त्याला ‘आरएल’ म्हणतात. ते नसेल तर बँक कर्ज देताना हात आखडता घेते. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालमत्ता पत्रकावर, वारलेल्या वडिलांचंच नाव असेल, तर आधी वारसांची नोंद, मग विक्री. म्हणून बयाणा देण्याआधी आरएल, मंजूर नकाशा आणि आखीव पत्रिका वकिलाला दाखवणं हाच खरा उपाय.

आणि इसारपत्रात तारीख स्पष्ट लिहा. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत सहसा मूलभूत अट मानली जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये चांदराणी खटल्यात म्हटलं. मात्र करारातल्या शब्दांवरून ती तशी ठरू शकते, हेही सांगितलं. त्यामुळे उशीर झाल्यास बयाण्याचं काय, हे लेखीच हवं.

नवा फ्लॅट बिल्डरकडून घेत असाल तर रेरा कायदा पाठीशी आहे: नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा लांबला तर व्याज मागता येतं. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला हे संरक्षण नाही.