अंधारात तरंगणाऱ्या गोगलगायीचा आहार

फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागराबाहेर, २,६१४ मीटर खोलीवर, ‘टिबुरॉन’ या दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्यात एक अनोळखी प्राणी टिपला गेला. पुढे भलामोठा पारदर्शक टोप, मागे बोटांची झालर असलेलं चपटं शेपूट आणि मधे रंगीत आतडी. तो कोणत्या गटातला, हेच ठरेना. मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी त्याला नुसतं ‘गूढ मृदुकाय’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव वीसहून अधिक वर्षं टिकलं.

या काळात तो दीडशेहून जास्त वेळा दिसला. ब्रूस रॉबिसन आणि स्टीव्हन हॅडॉक यांनी ती सगळी चित्रणं अभ्यासली, नमुना प्रयोगशाळेत तपासला, जनुकं पडताळली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नाव जाहीर केलं: बॅथिडेव्हियस कॉडॅक्टिलस. ती निघाली समुद्री गोगलगाय. तिच्यासाठी नवं कुळच मांडावं लागलं.

या शोधात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिच्या खाण्याचा उलगडा. तिच्या गटातल्या बहुतेक गोगलगायी तळाला चिकटलेलं भक्ष्य दातेरी जिभेनं खरवडून खातात. हिचा मुक्काम मात्र हजार ते चार हजार मीटर खोलीच्या मोकळ्या पाण्यात. तिथं खरवडायला काहीच नाही. अन्न पोहत असतं. म्हणून ही टोप पसरते आणि आत शिरलेल्या छोट्या कवचधारी जीवांवर तो मिटून घेते. नात्यानं दूरच्या काही जेलीफिश आणि समुद्रफुलंही खोल पाण्यात याच रीतीनं शिकार करतात. मऊ, जेलीसारखं हे शरीर जाळ्यात फाटून आलं असतं, तर टोपाचा उपयोग क्वचितच कळला असता. त्यासाठी जिवंत प्राणी, त्याच्याच पाण्यात, पुन्हापुन्हा पाहणं भाग होतं.

स्वतःवर संकट आलं की ती उजळते. एकदा तर शेपटीचं एक चमकतं बोट सुटून वेगळं झालेलं दिसलं. पाल शेपूट टाकते तसं, शत्रूला चकवण्यासाठी. अंडी घालायला मात्र ती तळाशी उतरते आणि पायानं धरून राहते.

पश्चिम पॅसिफिकमध्ये, मरियाना गर्तेच्या परिसरातही तिच्यासारखेच प्राणी यानांना दिसले आहेत. म्हणजे या टोपाची शिकार महासागराच्या दोन्ही बाजूंना चालू असावी.