जुना गिअरबॉक्स बसविल्यावर येणारा आवाज

नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स मोडला, तर नव्याची किंमत ऐकून पुष्कळ शेतकरी बंधु मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स शोधूं लागतात. कित्येकदां दुसरा उपायच नसतो. पिंजोर येथें एच. एम. टी.चे ट्रॅक्टर १९७१ पासून तयार होऊं लागले. तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ मध्यें घेतला. अशा बंद झालेल्या बनावटीच्या ट्रॅक्टरांना मोडींतील भागांचाच मोठा आधार असतो. जुना माल घेण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. पण बसवून आणलेला ट्रॅक्टर घरघरूं लागला म्हणजे खरी अडचण सुरू होते. विकणारा मिस्त्रीकडे बोट दाखवितो, मिस्त्री विकणाऱ्याकडे, आणि आमच्या बोदवडच्या काळ्या जमिनीचा वाफसा तर कोणाचीच वाट पाहत नाहीं.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कागदांत गेलें. तेथें एक गोष्ट पक्की कळते: ज्या अर्जांत तारीख, वेळ व जागा नसते, त्याचा निकाल लवकर लागत नाहीं. ट्रॅक्टरच्या आवाजाचेंही तसेंच आहे. "आवाज येतो" एवढें सांगून भागत नाहीं. तो केव्हां येतो व केव्हां थांबतो, हें सांगावें लागतें. हें पाहण्यास हत्यारें लागत नाहींत.

प्रथम गिअरबॉक्समधील ऑईल पाहावें. पातळी कमी असल्यास दांते व बेअरिंग कोरडीं पडून गुणगुणतात. ऑईल दुधासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. तळाच्या बुचाच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी लगदा असणें नेहमींचें आहे; पण बोटांना टोचणारे तुकडे निघाले, तर ट्रॅक्टर त्याच वेळीं बंद करावा. कित्येक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकलाही हेंच ऑईल पुरतें. म्हणून दांत्याचा एक तुकडा पंपाचाही नाश करूं शकतो.

नंतर सपाट जागीं ब्रेक लावून, चाकांना उटी देऊन, न्यूट्रलमध्यें इंजिन चालू करावें. क्लचवर पाय नसतांना आवाज येत असेल व क्लच दाबतांच थांबत असेल, तर गिअरबॉक्समध्यें गति आणणाऱ्या शाफ्टचें किंवा त्याच्या जोडीच्या शाफ्टचें बेअरिंग झिजलें असण्याचा संभव अधिक. याउलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. हें बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचच्या खोलींत असतें. दोष येथें असतांना गिअरबॉक्स परत नेणें म्हणजे आजार एकास व औषध दुसऱ्यास. दुहेरी क्लच असल्यास अर्ध्या दाबानें गिअरबॉक्सची व पूर्ण दाबानें पीटीओची गति तुटते; म्हणून दोन्ही टप्पे निरनिराळे पाहावे.

मग ट्रॅक्टर सावकाश चालवावा. एकाच गिअरमध्यें आवाज येतो, तर त्या गिअरचे दांते पाहावे. सर्व गिअरांत येतो, व क्लच दाबून ट्रॅक्टर नुसता घरंगळत असतांनाही चालूच राहतो, तर दोष मागें डिफरन्शियलकडे किंवा चाकांच्या बेअरिंगांत शोधावा. फक्त वळतांना येत असल्यास डिफरन्शियलचा संशय बळावतो. नांगर उचलतांनाच सूर चढत असेल, तर हायड्रॉलिक पंप तपासावा. क्राऊन व पिनियन यांची जोडी कारखान्यांतच एकमेकांशीं घासून जुळविलेली असते. एका ट्रॅक्टरचा पिनियन व दुसऱ्याचा क्राऊन एकत्र आणल्यास रडका सूर निघतो व दांते लवकर खातात.

ही तपासणी करतांना धोतर, उपरणें किंवा सैल बाही पीटीओजवळ नेऊं नये. पीटीओ मिनिटास ५४० फेरे करतो, म्हणजे एका सेकंदांत नऊ. हात मागें घेण्यास तेवढा अवकाश मिळत नाहीं.

कित्येकदां गिअरबॉक्स निर्दोष असून बसविण्यांतच चूक असते. दोन तोंडांच्या मध्यें जुन्या पॅकिंगचा कपटा राहिला, जागा धरणाऱ्या खुंट्या घातल्या नाहींत, किंवा बोल्ट आवळूनच गिअरबॉक्स आंत ओढला, तर शाफ्ट सरळ रेषेंत राहत नाहीं. गिअरबॉक्सचा भार क्लच-प्लेटवर लोंबत ठेवल्यास प्लेटचा मधला तुंबा वांकतो. म्हणून जोडणी चालू असतां मालकानें शेजारीं उभें राहावें.

आतां खेड्यांतही आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी येऊं लागल्या आहेत. त्यांत क्लचचें पायडल नसतें. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्यें ऑईलवर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर कित्येकांत असतो. जुना गिअरबॉक्स बसवितांना तो पूर्ण आंत न बसवितां बोल्ट आवळले, तर ऑईलचा पंप फुटतो. इंजिन चालू होतांच ठकठक ऐकूं आली, तर कन्व्हर्टर धरणारी पातळ तबकडी तडकली आहे किंवा तिचे बोल्ट ढिले आहेत, असा संशय घ्यावा. इंजिनाच्या वेगाबरोबर सूर चढत गेला, तर ऑईल कमी पडून पंप हवा ओढीत असावा. मोडलेल्या गिअरबॉक्सचा कचरा ऑईल थंड करणाऱ्या नळ्यांत राहतो. त्या न धुतल्यास तो नव्यानें बसविलेल्याचाही घात करतो.

माल घेतांनाच बनावट, गिअरांची संख्या व कोरलेला क्रमांक जुन्याशीं ताडून पाहावा, झांकण काढवून दांते पाहावे, व परत घेण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. तोंडी हमी हंगाम संपेपर्यंत टिकत नाहीं. आवाज आल्यास वर सांगितलेल्या परीक्षांचा निकाल त्याच दिवशीं कागदावर लिहून विकणारा व मिस्त्री या दोघांपुढें ठेवावा. मुदतीच्या आंत असा कागद हातीं असला, म्हणजे वाद आवाजाचा राहत नाहीं, भागाचा होतो. आणि ज्या भागाचा दोष, त्याच्याकडे खर्च मागतां येतो.