शाळेत टीव्ही आला, आता गुरुजींच्या मदतीला कोण?

लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून, नाहीतर एखाद्या कंपनीच्या मदतीतून जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही येतो. सरपंचांच्या हस्ते नारळ फुटतो, फोटो गावाच्या ग्रुपवर पडतो. पहिले पंधरा दिवस पोरं खूश असतात. मग रिमोटचे सेल संपतात, पेनड्राइव्ह सापडत नाही, पावसात लाईट जाते. दिवाळीनंतर शाळेत डोकावलं तर टीव्हीवर कापड टाकलेलं दिसतं. आणि पारावर चर्चा एकच, "एवढा टीव्ही दिला, पण गुरुजी वापरतच नाहीत."

हे चित्र बऱ्याच गावांच्या ओळखीचं आहे. पण टीव्ही बंद पडला की सगळा दोष गुरुजींवर टाकण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. शाळेला टीव्ही दिला, पण तो वापरायला गुरुजींना काय दिलं?

प्रश्न साधा नाही. गावोगावी इंग्रजी शाळांच्या व्हॅन येतात आणि जिल्हा परिषद शाळेचा पट दरवर्षी दोन-चार पोरांनी कमी होतो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचं पुढे काय होणार, याची काळजी वाड्या-वस्त्यांवर कायम असते. ज्याच्या घरी व्हॅनची फी भरायला पैसे नाहीत, त्याच्या पोराला हीच शाळा आहे. तिथलं शिकवणं चांगलं होणं ही त्या घराची गरज आहे.

ठिबक बसवलं, फिल्टर कोण धुणार?

शेतकऱ्याला ही गोष्ट लगेच कळेल. अनुदानावर ठिबक बसवलं, पण फिल्टर कधी धुवायचा, नळ्या कधी फ्लश करायच्या, क्षार साचले तर ॲसिड कसं सोडायचं, हे कुणी शेजारी उभं राहून दाखवलं नाही, तर दोन हंगामांत ड्रीपर चोक होतात. मग नळ्या गोळा करून बांधावर टाकल्या जातात आणि शेतकरी म्हणतो, ठिबक काही कामाचं नाही. ठिबक कामाचंच असतं. त्याच्या मागची माहिती आणि देखभाल शेतापर्यंत आलेली नसते.

शाळेतल्या टीव्हीचं, प्रोजेक्टरचं, टॅबचं तसंच आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने हा धडा मोठी किंमत देऊन शिकला. तिथल्या सरकारने खेड्यातल्या गरीब मुलांसाठी लाखो छोटे लॅपटॉप घेतले. नंतर ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. शाळांमध्ये लॅपटॉप भरपूर झाले होते, मुलं ते वापरतही होती, पण गणित आणि भाषेच्या चाचणीत फरक दिसला नाही. शिकवण्याची पद्धत जवळपास जुनीच राहिली होती.

दिल्लीत वेगळं झालं. सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांना शाळा सुटल्यावर 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक कार्यक्रमावर अभ्यास दिला गेला. मूल सातवीत असलं तरी त्याचं गणित चौथीचं असेल तर संगणक त्याला चौथीपासून सुरुवात करून देई. जोडीला लहान गटात शिकवायला माणूसही होता. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात आणि हिंदीत इतरांच्या बरीच पुढे गेली. म्हणजे यंत्र चालतं. पण मूल कुठे अडलंय ते ओळखून वापरलं, आणि सोबत माणूस असला, तर चालतं.

परितेवाडीत आधी भाषा, मग क्यूआर कोड

आपल्याच राज्यातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राईझ' मिळालं. १० लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली.

बातम्यांमध्ये क्यूआर कोड गाजला. पाठ्यपुस्तकावरचा चौकोन मोबाईलने स्कॅन करायचा आणि कविता ऐकायची, व्हिडिओ बघायचा. पण त्याच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक त्यांना कळत नव्हतं. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि मग त्याला क्यूआर कोड जोडला. आधी पोरांची अडचण ओळखली, नंतर तिच्यासाठी यंत्र शोधलं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. यंत्र आधी येतं आणि मग त्याचं काय करायचं ते शोधलं जातं.

गुरुजींचं अडतं कुठे?

बहुतेक गुरुजी-बाईंकडे स्मार्टफोन आहे, त्यांना तो चांगला चालवताही येतो. अडचण दुसरीकडे आहे.

पहिली अडचण वेळेची. दोनशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. त्यात पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, निरनिराळ्या लिंक आणि "माहिती तात्काळ भरा" असे मेसेज. 'आम्हाला शिकवू द्या' ही शिक्षकांची मागणी उगाच आलेली नाही. मोबाईलवरचा बराचसा वेळ माहिती भरण्यातच जातो.

दुसरी अडचण प्रशिक्षणाची. प्रशिक्षण राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तिथून केंद्राला येतं. कालव्याच्या पाण्यासारखं. हेडला भरपूर असतं, टेलला पोहोचेपर्यंत ओल उरते. शिवाय प्रशिक्षणात पाहिलेलं आपल्या वर्गात, आपल्या पोरांसमोर करताना अडलं तर विचारायला जवळ कुणी नसतं.

तिसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे संकोच. पंचवीस वर्षं फळ्यावर उत्तम शिकवलेल्या बाईंना पोरांसमोर टीव्ही सुरू झाला नाही तर ओशाळल्यासारखं होतं. मग नकोच ते, असं वाटतं. अशा वेळी वरून नोटीस आली तर कागदावर 'वापर सुरू आहे' असं लिहून येतं, टीव्ही मात्र बंदच राहतो.

एका मोबाईलवर होणारी कामं

सुरुवातीला फार काही लागत नाही. इंटरनेट नसलं तरी चालणारी, एका शिक्षकाला एका मोबाईलवर जमणारी कामं अशी आहेत.

*वाचन रेकॉर्ड करणे.* जूनमध्ये मुलाला एक उतारा वाचायला लावा आणि मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड करा. दर महिन्याला तसाच एक उतारा वाचून घ्या. दिवाळीच्या आधी मुलाला त्याचा जूनमधला आणि आत्ताचा आवाज ऐकवा. कुठे अडखळत होतो आणि आता कसं वाचतो, हे त्याचं त्यालाच कळतं. पालक सभेत आई-वडिलांनी ऐकलं तर प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त समजतं.

*तीन मिनिटांचा व्हिडिओ.* ज्या पोरांनी समुद्र पाहिला नाही त्यांना भरती-ओहोटी शब्दांत सांगणं अवघड असतं. तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवा, पण मध्येच थांबवा आणि विचारा, "आता पुढे काय होईल?" पोरांनी अंदाज सांगितला की मग पुढचं दाखवा. सलग अर्धा तास लावून दिलेला व्हिडिओ बघितला जातो, शिकला जात नाही. आणि व्हिडिओ आधी स्वतः पाहून, डाऊनलोड करूनच वर्गात न्यावा. म्हणजे रेंजची भानगड नाही आणि मध्ये नको ती जाहिरातही येत नाही.

*दीक्षा ॲप.* हे ॲप २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड यावर स्कॅन होतो. शिक्षकाने तालुक्याच्या गावी किंवा रेंज असेल तिथे धडा डाऊनलोड करून ठेवला तर वर्गात इंटरनेट लागत नाही. जिथे रेंजच येत नाही तिथे डीडी फ्री डिशवर 'पीएम ई-विद्या'चे शैक्षणिक चॅनल दिसतात, त्याला महिन्याचा रिचार्ज नाही.

*उत्तराची कार्डं.* 'प्लिकर्स' नावाची पद्धत आहे. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक चौकोनी चिन्ह द्यायचं. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. प्रश्न विचारला की मुलं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतात आणि शिक्षक मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते लगेच मोबाईलवर दिसतं. मुलांकडे मोबाईल लागत नाही. एरवी हात वर करणारी तीच चार पोरं असतात. मागे गप्प बसणाऱ्या मुलीचं गणित कुठे चुकतंय ते या कार्डामुळे कळतं.

कुठे वापरू नये?

शाळेच्या दारात कडुलिंब असताना पानाचा भाग टीव्हीवर दाखवायची गरज नाही. अपूर्णांक शिकवायला भाकरी पडद्यापेक्षा चांगली, कारण ती पोरांना हाताने मोडता येते. दुसऱ्या वर्गाला गप्प बसवायला टीव्ही लावून देणं तर नकोच. ते काम घरी मोबाईल करतोच आहे.

'असर' २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची ८२ टक्क्यांहून जास्त मुलं स्मार्टफोन वापरू शकतात असं दिसलं. त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामाला वापरला होता, आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. फोन हातात आला म्हणजे अभ्यास आपोआप होत नाही. तो अभ्यासाकडे वळवायला शिक्षकच लागतो.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ टाकतानाही भान हवं. वर्गात चुकलेल्या पोराचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला तर ते पोर पुन्हा तोंड उघडणार नाही.

केंद्रात अर्धा तास

प्रत्येक केंद्रात महिन्याला शिक्षण परिषद होते. तिथला अर्धा तास एका शिक्षकाला द्यावा. त्याने आपल्या वर्गात प्रत्यक्ष केलेली एकच गोष्ट करून दाखवावी आणि काय फसलं तेही सांगावं. बाकीच्यांनी महिनाभरात ती आपल्या शाळेत करून बघावी आणि पुढच्या परिषदेत अनुभव सांगावा. अडलं तर जवळच्या शाळेतल्या शिक्षकाला फोन करता यावा, जमल्यास त्याने एक तास वर्गात येऊन बसावं. गट साधन केंद्रातले साधनव्यक्ती आणि जिल्ह्याची 'डाएट' संस्था या कामासाठीच आहेत, त्यांना बोलावता येतं. आपल्यासारखीच शाळा आणि आपल्यासारखाच पट असलेल्या माणसाकडून शिकलेलं जास्त टिकतं. शेतकरीही नवीन वाण शेजाऱ्याच्या रानात पाहूनच घेतो.

केंद्रप्रमुखांनीही "टीव्ही चालू आहे का?" एवढंच विचारू नये. "या आठवड्यात काय दाखवलं आणि पोरांना काय समजलं?" असं विचारावं. आणि फसलं तर रागावू नये.

गावाने काय करावं?

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करायचं काम या समितीचं आहे. त्यामुळे पुढच्या बैठकीत या गोष्टी मांडता येतील :

१) शाळेचं लाईट बिल कोण भरतं आणि थकलंय का, हे आधी विचारा. मीटर तोडलेल्या शाळेत टीव्ही देऊन उपयोग नाही. शाळेची वीज, इन्व्हर्टर, दुरुस्ती हे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालण्याची मागणी ग्रामसभेत करा.

२) नवीन वस्तू देण्याआधी गुरुजी-बाईंना विचारा, "तुमची पोरं कशात अडतात?" कधी टीव्हीऐवजी एक चांगला स्पीकर किंवा प्रिंटर जास्त कामाचा ठरतो.

३) वस्तूच्या किमतीबरोबर देखभालीचे पैसेही बाजूला ठेवा. वॉरंटी कार्ड आणि बिल शाळेच्या फाईलला लावा. बदली झाली तर नव्या शिक्षकाला सगळं लेखी मिळालं पाहिजे.

४) गावात आयटीआय झालेली, मोबाईल दुरुस्ती करणारी, कॉलेजला जाणारी पोरं आहेत. त्यांच्यातल्या एकाने मुख्याध्यापकांच्या परवानगीने शनिवारी तासभर शाळेत जावं. वायर जोडून द्यावी, व्हिडिओ डाऊनलोड करून द्यावेत. शिकवायचं मात्र गुरुजींनीच.

५) पालकांनी घरी पोराला रोज विचारावं, "आज शाळेत काय पाहिलं? मला सांग." पाहिलेलं सांगता आलं तर ते डोक्यात उतरलंय असं समजावं.

यातल्या बऱ्याच गोष्टींना टीव्हीपेक्षा कमी पैसे लागतात. शिक्षकाच्या पाठीशी उभं राहायला थोडा वेळ आणि थोडी सबुरी लागते. कपाटात ठेवलेला टीव्ही पुन्हा भिंतीवर लावायचा असेल तर गावकऱ्यांनी शाळेत जाऊन एवढंच विचारावं, "गुरुजी, आम्ही काय मदत करू?"