घराजवळची नोकरी, घरातले आजारपण

वाचकहो, निलंग्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. वडील अर्धांगवायूतून सावरत आहेत, आईला मधुमेह आहे आणि पदवीधर मुलाला पुण्याहून बोलावणे आले आहे. वडील तोंडाने ‘जा’ म्हणतात. पण बिछान्यातून उठताना त्याचाच खांदा धरतात. अशा घरांत गावातल्या लहान कंपनीची नोकरी हाही एक विचार पुढे येतो आणि बहुधा कमीपणाचा म्हणून मागे सारला जातो. तसे करण्याची घाई करू नये.

लहान आस्थापनांच्या जागा वर्तमानपत्रात क्वचितच दिसतात. डाळमिल, बियाणे-खतांचे वितरक, औषधांचे ठोक विक्रेते, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळा यांना माणूस हवा असतो तेव्हा ते प्रथम ओळखीत विचारतात. कोणाकडे हिशेबनीस हवा आहे, हे गावातल्या करसल्लागाराला सहसा आधी कळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते, जानेवारीच्या आसपास तूर येते. मोंढ्याशी निगडित कामासाठी त्याआधीच शब्द टाकून ठेवावा. लातूरच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही नोंदणी करता येते.

पगाराचा आकडा ठरला की आपण थांबतो. आजारी माणूस असलेल्या घराने आणखी विचारावे. कंपनीत माणसे किती? दहा किंवा अधिक असतील, कर्मचारी राज्य विमा योजना त्या भागात लागू असेल आणि पगार दरमहा 21,000 रुपयांच्या आत असेल, तर हा विमा मिळायला हवा. कर्मचाऱ्याचा वाटा 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के. म्हणजे 15,000 रुपये पगारातून सुमारे 113 रुपये कापले जातात. विशेष असे की, उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत बसणारे अवलंबित आई-वडीलही यात येतात आणि बाह्यरुग्ण तपासणी व औषधेही मिळतात. सत्तरीपुढील ज्येष्ठांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे; मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातून सुटत नाही. मात्र विम्याला जोडलेला दवाखाना कोठे आहे, हे रुजू होण्यापूर्वीच पाहा. तो लातूरला असेल, तर आजारी माणसाला एसटीने तिथवर नेणे सोपे नाही.

माणसे वीस किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधीचे विचारा. मुलाच्या स्वतःच्या म्हातारपणाचा तो प्रश्न आहे. निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि नोकरी बदलली तरी खाते क्रमांक तोच ठेवावा. नेमणूकपत्र मागताना संकोच नको. ‘आपलेच माणूस, कागद कशाला?’ हे वाक्य ऐकायला गोड असते. महिना अडला की त्याचा उपयोग होत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. लहान ठिकाणी मालक समोर असतो, वडिलांचे दुखणे त्याला माहीत असते, दुपारी तासभर सोडायला तो नाही म्हणत नाही. पण तिथे आपल्या जागी काम करणारे दुसरे कोणी नसते. हंगामात सुट्टी मिळणे कठीणच. म्हणून डॉक्टरांची महिन्याची तपासणी कोणत्या वारी असते, हे मुलाखतीतच सांगून टाकावे.

आणि ज्येष्ठांनो, आपणही मुलाला खरे सांगा. ‘माझे काही नाही’ म्हणून तो निश्चिंत होत नाही. रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस सकाळी दहा ते सायंकाळी सहा त्याच्याविना काढून पाहा, शेजारच्यांना कल्पना देऊन. दुपारची गोळी आपल्या हाताने घेता आली का, पाणी हाताशी होते का, शौचाला उठताना आधाराला काय धरले, हे संध्याकाळी त्याला सांगा.