आधी तोल, मग इंजिन!

बालमित्रांनो, सायकल कशी शिकलात ते आठवते का? घरातल्या कुणीतरी मागून सीट धरली, दोन-चारदा पडलात, गुडघे फोडून घेतलेत, आणि एक दिवस मागे वळून पाहता तर सीट धरणारा हात कधीच सुटलेला! विमानाची गोष्टही सायकलच्याच दुकानातून सुरू होते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन हे गाव आहे. तिथे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे भाऊ सायकली बनवून विकत, दुरुस्तही करत. १८७८ साली वडिलांनी त्यांना बांबू, बूच आणि कागदाचे, रबराच्या पिळाने उडणारे खेळणे आणून दिले होते. तेव्हापासूनच उडण्याचे वेड डोक्यात शिरले.

जर्मनीत ऑटो लिलिएंथाल इंजिन नसलेल्या पंखांवरून टेकडीवरून झेपावत असे. शरीर इकडेतिकडे झुकवून तो तोल सांभाळी. सुमारे दोन हजार झेपा घेतलेला हा माणूस १८९६ मध्ये वाऱ्याच्या झोतात सापडून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. विल्बरने हिशेब मांडला : पाच वर्षांत लिलिएंथाल प्रत्यक्ष हवेत होता जेमतेम पाच तास! पाच तासांच्या सरावावर गर्दीच्या रस्त्यात कोणी सायकल घालील का?

त्या काळी बहुतेक जण जोरदार इंजिनाच्या मागे होते. या भावांनी मात्र आधी तोल शिकायचे ठरवले. १८९९ मध्ये दुकानात बसल्या बसल्या विल्बर हातातला पुठ्ठ्याचा रिकामा खोका पिळत होता. एक टोक वर, दुसरे खाली. पंखही असेच पिळले तर? विमान डावी-उजवीकडे कलते करण्याची युक्ती अशी सापडली. मला तरी या सगळ्या गोष्टीत हा खोकाच सर्वात आवडतो.

सरावासाठी त्यांनी समुद्राकाठचे किटी हॉक निवडले. तिथे वारा भरपूर आणि पडले तर खाली मऊ वाळू! १९०० साली त्यांनी ग्लायडर दोऱ्या बांधून पतंगासारखेच जास्त उडवले. विल्बर स्वतः मोकळा उडाला तो सारा मिळून सुमारे दोन मिनिटे. पुढच्या वर्षी तर गणितच चुकू लागले. मग घरी परतून एका लांब पेटीत पंख्याने वारा सोडून पंखांचे शेकडोभर छोटे नमुने तपासले. त्या मोजमापांवरून बेतलेल्या ग्लायडरवर १९०२ मध्ये सातशेहून अधिक झेपा झाल्या. इंजिन आले ते यानंतर, तेही सुमारे बारा अश्वशक्तीचेच. पंखे फिरवायला साखळ्या मात्र सायकलसारख्याच!

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणेफेक विल्बरने जिंकली, पण नाक फार वर उचलल्याने विमान वाळूत आपटले. दुरुस्तीनंतर १७ तारखेला पाळी ऑर्व्हिलची. पोटावर झोपून तो बारा सेकंदांत १२० फूट गेला. त्या दिवशीच्या चौथ्या खेपेला विल्बरने ८५२ फूट गाठले, ५९ सेकंदांत. थोड्याच वेळात जोराच्या वाऱ्याने उभे विमान उलथून मोडले, ते पुन्हा कधीच उडाले नाही.

अजून वळायला कुठे येत होते? ते शिकण्यासाठी डेटनजवळचे गाईंचे कुरण गाठले. १९०४ च्या सप्टेंबरात पहिली पूर्ण फेरी जमली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर त्याच कुरणावर ३९ मिनिटे घिरट्या घालत राहिला, सुमारे २४ मैल. पेट्रोल संपले, म्हणून खाली उतरावे लागले.