चैत्रातला डोंगर

परीक्षा संपल्या की एप्रिलच्या मध्याला पुण्याहून भाचरं आमच्याकडे येतात. आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. यंदा एसटीतून उतरल्या उतरल्या धाकटा म्हणाला, "मामा, डोंगर तर सगळा वाळून गेलाय." गवत पिवळं, ओढे कोरडे, घोड नदीचं पाणी पार तळाशी गेलेलं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तसंच वाटणार. पण सह्याद्रीचा वसंत भर उन्हाळ्यातच येतो आणि तो बघायचा तर झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. या दिवसांत वेळ पाळावीच लागते. सव्वासहाच्या सुमारास सूर्य वर येतो आणि दहानंतर मुलांना उघड्या कातळावर ठेवणं बरं नाही. माणशी 2 लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी, पायात बूट. अत्तर किंवा वासाचं तेल लावायचं नाही, हे मी आदल्या रात्रीच बजावलं होतं. आमच्या कड्यांना आग्या मोहळं लटकलेली असतात. उग्र वास आणि धूर या माश्यांना खपत नाही. मोहळ दिसलं की आवाज न करता लांबून वळायचं.

उजाडलं तशा समोरच्या कड्यातल्या पायऱ्या दिसू लागल्या. थोरली त्या मोजायला लागली. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. टणक थरांचे कडे उरले, ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तेही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून. धाकट्याला या हिशोबापेक्षा पायवाटेवरच्या गारगोट्या जास्त आवडल्या. त्याही त्याच खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या. एक त्याने खिशात टाकली.

पहिल्या चढावर कोशिंबाचं झाड लागलं. मुलं लांबूनच "फुलं, फुलं" म्हणत धावली आणि जवळ जाऊन थबकली. लालभडक दिसत होती ती पालवी होती. एक पान मी थोरलीच्या तळहातावर ठेवलं: पातळ, मऊ, ओलसर चकाकी असलेलं. हा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. कोवळं पान हिरवं होईपर्यंत कडक उन्हापासून त्याचा बचाव होतो. "पण पाऊसच नाही, मग पाणी कुठून आणतं?" तिने विचारलं. जुनी पानं गळाली की झाडाचा पाण्याचा खर्च थांबतो. खोडात थोडी साठवण असते आणि मुळं खडकाच्या भेगांतली ओल गाठतात, त्यावर ही पालवी फुटते. पावसाबरोबर अळ्या-किड्यांची झुंबड उडण्याआधी पान जून व्हावं, हाही त्यातला फायदा असावा, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. थोरली पान हातात घेऊन पुढे चालत राहिली.

करवंदाच्या जाळीपाशी मात्र कोणाला काही समजवावं लागलं नाही. बहुतेक करवंदं हिरवीच होती, उन्हाच्या बाजूची चार काळी झालेली. मग कोंबडा की कोंबडी! चावल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. चिकाने ओठ चिकटले, कोपरं ओरबाडली, आणि सकाळपासून लागलेली "अजून किती लांब" ही भुणभुण तिथे बंद झाली. लहान मुलांबरोबर माथा गाठायचा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांचा डोंगर गुडघ्याच्या उंचीवर असतो.

पुढे हिरड्याची झाडं. चैत्र-वैशाखात आमच्याकडची महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात. बाळहिरडा म्हणजे बाठ धरण्याआधीचं कोवळं फळ. वाळवलं की काळं कुळकुळीत होतं आणि औषधासाठी विकलं जातं. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला लागणारा पैसा त्यातूनच उभा राहतो. एक मावशी पाटीत वेचत होत्या. धाकट्याने मूठ भरली, तर त्या म्हणाल्या, "राहू दे बाळा, पण आधी पाटी भरू लाग." अर्धा तास दोघं वाकून वेचत होती. जाताना मावशींनी त्याच्या हातावर दोन हिरडे ठेवले.

वरच्या पठाराची एक बाजू काळीठिक्कर पडली होती. वणवा. नवं गवत जोमाने येतं म्हणून पेटवतात, कधी नुसत्या विडीच्या थोटकानेही पेटतं. तिथल्या राखेत मुलांना टिटवीचं फुटकं अंडं सापडलं. दोघंही बराच वेळ काही बोलली नाहीत. मीही काही सांगितलं नाही. घसा दाटून आला होता.

शेवटी देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात अशा राया हिंडून अभ्यासल्या, तेव्हा त्यांचं मोल अभ्यासकांच्या जगाला कळलं. गावाने मात्र त्या देवाच्या धाकाने कधीपासून जपल्या होत्या. आत पाऊल टाकताच गारवा जाणवला. वर फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचं मोठं गोल घरटं, शेकरूचं. या राज्यप्राण्यासाठीच 1985 साली शेजारी भीमाशंकर अभयारण्य झालं. दहा मिनिटं आम्ही श्वास रोखून बसलो. शेकरू काही दिसलं नाही, फक्त एक फांदी हलली आणि कुरतडलेल्या फळाची साल धाकट्याच्या मांडीवर पडली. ती त्याने रुमालात बांधली.

दहाच्या आत घरी पोचलो. माठातलं पाणी पिऊन धाकट्याने आजीपुढे खिसा रिकामा केला: गारगोटी, रुमालातली साल, दोन हिरडे. आजीने हिरडे उचलले, अंगणात सुपावर वाळत घातलेल्या हिरड्यांत ठेवले आणि त्याला म्हणाली, "संध्याकाळी आत घ्यायचं काम तुझं."