पडद्यावरील गुरु आणि घरांतला कान

गाणें-बजावणें शिकावयाचें तर गुरूच्या दारीं जाऊन राहावें, त्याच्या घरचीं पडतील तीं कामें करावीं, आणि त्याची मर्जी लागेल त्या दिवशीं जे दोन बोल पदरांत पडतील ते जपून ठेवावे, असा एक काळ आपल्याकडे होऊन गेला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि ठरलेल्या तासाला वर्गांत बसून संगीत शिकण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९०२ सालीं, ग्रामोफोन कंपनीनें कलकत्त्यास आपल्याकडील गाणीं तबकड्यांत भरण्यास आरंभ केला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं चिजा स्वरलिपींत उतरवून क्रमिक पुस्तकें प्रसिद्ध केलीं. नवें साधन आलें कीं ‘आतां गुरूचें काय प्रयोजन उरलें?’ हा प्रश्न मनांत उभा राहतोच. वर्ग झाले, तबकड्या झाल्या, पुस्तकें झालीं. तरी गुरु राहिला.

तोच प्रश्न आतां नव्या रूपानें दारीं आला आहे. २००५ सालीं यूट्यूब सुरू झालें, आणि हळूहळू तबला, पेटी, सतार, बांसरी, गिटार अशा सर्व वाद्यांचे पाठ त्यावर येऊन बसले. मार्च २०२० मध्यें साथीमुळें सारा देश घरीं बसला, तेव्हां चांगले चांगले शिक्षकही पडद्यावरून शिकवूं लागले. साथ ओसरली, पण ही रीत टिकली. आज ज्या घरांत मूल आहे आणि मोबाइल आहे, त्या घरांत या मार्गाचा विचार कधीं ना कधीं होतोच. आमच्या घरांत तो झाला, त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचा धाकटा पुतण्या अकरा वर्षांचा. गेल्या वर्षीं मे महिन्याच्या सुट्टींत त्यानें तबल्याचा ध्यास घेतला. घरांत जुनी जोडी पडून होती. तिच्यापुढें मोबाइल उभा करून स्वारी बसली. आम्हांसही बरें वाटलें. फी नाहीं, जाणें-येणें नाहीं, आणि मुलगा दोन तास एका जागीं! पहिले आठ दिवस गेल्यावर ध्यानांत आलें कीं त्यानें तबला डाव्या हाताला आणि डग्गा उजव्या हाताला मांडला आहे. पडद्यावरचे शिक्षक त्याच्यासमोर तोंड करून बसलेले. त्यांचा उजवा हात याच्या डाव्या बाजूस दिसे, आणि आरशांत पाहावें तसा तो नक्कल करी. समोर बसलेल्या गुरूनें ही चूक एका क्षणांत ओळखली असती. पडदा आठ दिवस कांहीं बोलला नाहीं.

तरी या पाठांचे गुण कोणीही नाकारूं नयेत. एकच बोल शंभर वेळां ऐकला तरी पडद्यावरचा गुरु कंटाळत नाहीं. यूट्यूबवर पाठाची गति पाव पटीपर्यंत कमी करितां येते आणि तरीही स्वर खालीं उतरत नाहीं; त्यामुळें ‘तिरकिट’मध्यें कोणतें बोट केव्हां पडतें तें डोळ्यांनीं मोजून घेतां येतें. समोर बसूनही पूर्वीं इतकें स्पष्ट दिसत नसे. ज्या गांवांत तबल्याचा शिक्षक नाहीं, तेथील मुलाला तर ही सोय केवढी मोठी आहे, हें सांगावयास नको.

परंतु डोळ्यांना जें दिसत नाहीं तें पडदा कसें दाखविणार? तबल्याचा साधा ‘ना’ घ्या. तर्जनीचा आघात चाटेवर होतो, आणि अनामिका शाईच्या कडेशीं हलकेंच टेकलेली असते. हें टेकणें नुसतें शोभेचें नव्हे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं एका सहकाऱ्यासह, आणि पुढें १९३४ सालीं स्वतंत्रपणें, आपल्या चर्मवाद्यांच्या नादाचा उलगडा करून दाखविला. साध्या ताणलेल्या कातड्यांतून निघणारे निरनिराळे नाद एकमेकांशीं मेळ खात नाहींत, म्हणून सामान्य ढोलास ठराविक स्वर नसतो. तबल्यावरील शाईच्या भारामुळें ते नाद एकमेकांच्या सरळ पटींत येतात आणि स्वर ऐकूं येतो. अनामिकेच्या स्पर्शानें त्यांतील सर्वांत खालचा नाद दबतो आणि वरचा मोकळा राहतो. बोट जड पडलें तर सारेंच गुदमरतें. उचललें गेलें तर भलताच नाद उघडतो. बोटाची जागा पडद्यावर दिसते, बोटाचा भार दिसत नाहीं. आमच्या पुतण्याची जागा अगदीं बरोबर होती, आणि ‘ना’ मात्र लाकडासारखा वाजत होता.

डग्ग्याची गोष्ट याहून वाईट. मनगटाच्या दाबानें डग्ग्याचा नाद जो वर-खालीं होतो, त्यांतच त्याची गोडी. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरांतून खर्जाचे नाद नीट बाहेरच पडत नाहींत. मुलानें जें कधीं ऐकलेंच नाहीं तें त्याच्या हातांत कोठून येणार?

‘मग प्रत्यक्ष गुरूकडूनच पडद्यावर तास घ्यावा,’ असें कोणी म्हणेल. आमचे एक आप्त अमेरिकेंत न्यूजर्सी येथें राहतात. त्यांची कन्या मुंबईच्या एका शिक्षकांकडून असाच तबला शिकते. गुरु तिला पाहतो, ऐकतो, चूक सांगतो. हा लाभ मोठाच आहे. तथापि दोघांना एकत्र वाजवितां येत नाहीं, आणि याचें कारण साधें गणित आहे. मुंबईपासून न्यूयॉर्क सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. कांचेच्या तारेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. तार अगदीं सरळ आहे असें मानलें तरी आवाज जाऊन परत येण्यास सेकंदाचा आठवा भाग लागतो. वाटेंतील यंत्रांचा वेळ निराळाच. मिनिटास १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, म्हणजे निदान पाव मात्रेचा फरक पडलाच! म्हणून गुरु वाजवून थांबतो, मग शिष्या वाजविते. शिवाय अशा संभाषणाच्या यंत्रणा तंबोऱ्याचा अखंड नाद पंख्याची घरघर समजून पुसून टाकतात. झूममध्यें वाद्यांसाठीं ‘ओरिजिनल साउंड’ असा पर्याय दिलेला आहे. शिकवणीच्या आधीं तो चालू करण्यास विसरूं नये.

आतां आमच्या घरच्या हकीकतीकडे वळूं. गणपतींत आमच्याकडे रोज रात्रीं भजन होतें. पुतण्यानें केरवा चांगला बसविला होता. पडद्याबरोबर वाजवितांना एक मात्रा चुकत नसे. मोठ्या उमेदीनें तो साथीला बसला. भजन म्हणणाऱ्या मंडळींनीं मध्येंच श्वास घेतला, एक ओळ दोनदां घेतली, लय जराशी चढविली, आणि याची सम हातांतून सुटली ती सुटलीच. पडद्यावरचा पाठ कधीं कोणासाठीं थांबला नव्हता कीं धांवला नव्हता. माणसाबरोबर वाजवावयाचें म्हणजे काय हें त्याला ठाऊकच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं त्यानें जोडीवर चादर टाकली आणि ‘मला नाहीं शिकायचें’ म्हणून तो मोकळा झाला. चार महिन्यांची मेहनत आणि मुलाची हौस, दोन्ही एका रात्रींत जाण्याची वेळ आली.

त्यावेळीं उपयोगी पडल्या त्या आमच्या मातुःश्री. त्यांनीं उभ्या जन्मांत तबल्याला हात लावलेला नाहीं. परंतु लहानपणापासून कीर्तन-भजन ऐकून कान तयार झालेला. त्यांनीं नातवाला जवळ बसवून सांगितलें, “अरे, तुझा हात चांगला आहे; तूं ऐकत नाहींस एवढेंच. तबला राहूं दे. मी भजन म्हणतें, तूं नुसत्या टाळ्या धर.” रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटें हा क्रम चालला. टाळी, मग तोंडानें बोल, आणि मग हात. मातुःश्री मुद्दाम मध्यें थांबत, कधीं लय वाढवीत. पहिल्या आठवड्यांत तो चिडे, दुसऱ्या आठवड्यांत हंसूं लागला. मग आम्हीं शेजारच्या आळींतील तबल्याच्या शिक्षकांना पंधरा दिवसांतून एकदां येण्याची विनंति केली. त्यांनीं आल्याबरोबर हातोडीनें जोडी सुरांत लाविली आणि मुलाची अनामिका धरून किंचित् वर उचलली. “आतां वाजव,” म्हणाले. ‘ना’ असा निघाला कीं स्वयंपाकघरांतून बायका बाहेर आल्या.

पडद्यावरचे पाठ आम्हीं बंद केले नाहींत. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत तेच कामास येतात. ज्या कुटुंबांत मूल असें शिकत असेल, त्यांना अनुभवानें चार गोष्टी सुचवितों. पाठ निवडतांना रोज नवा शिक्षक धरूं नये. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेचा अभ्यासक्रम पुढें ठेवून त्या क्रमानें जावें, परीक्षा द्यावयाची असो वा नसो. पाठ मोबाइलच्या स्पीकरावर न ऐकतां चांगल्या स्पीकरावर ऐकावा. आठवड्यांतून एकदां मुलाचें वाजविणें मोबाइलवरच भरून घेऊन त्याचें त्यालाच ऐकवावें. आपल्या चुका त्याला अशा प्रकारें पुष्कळ कळतात. आणि घरांतील कोणीतरी वडील माणसानें रोज थोडा वेळ जवळ बसून, हातांतील काम बाजूस ठेवून, ऐकावें. संगीत येत नसलें तरी चालेल.

एकलव्य मातीच्या मूर्तीपुढें बसून धनुर्विद्या शिकला, हें उदाहरण अशा वेळीं हटकून दिलें जातें. तें खरें आहे. पण एकलव्याचा बाण चुकला तर तो चुकल्याचें त्यास समोरच दिसत होतें. वाद्याचा बाण कोणाच्या तरी कानांत जाऊन लागावयाचा असतो, आणि तो लागला कीं नाहीं हें त्या कानालाच विचारावें लागतें. यंदाच्या गणपतींत आमचा पुतण्या पुन्हां साथीला बसला. एके ठिकाणीं त्याची सम हुकली. त्यानें आजीकडे पाहिलें, आजीनें टाळी धरली, आणि पुढच्या आवर्तनांत तो बरोबर समेवर आला.